मांजरांचा फ्लू आणि त्याची लस: खानदेशातल्या मांजरपालकांचे नेहमीचे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतला उन्हाळा, इथली घरं आणि दवाखान्यापर्यंतचं अंतर लक्षात घेऊन ही उत्तरं लिहिली आहेत. तुमच्या मांजराला तपासून डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचंच ऐका.

मांजराची ही सर्दी नेमकी कशामुळे होते?

बहुतेक वेळा दोन विषाणूंमुळे. एक मांजरांचा हर्पिस विषाणू आणि दुसरा कॅलिसी विषाणू. दवाखान्यात दोघांना मिळून ‘कॅट फ्लू’ म्हणतात, पण माणसाच्या फ्लूशी त्यांचा काही संबंध नाही.

हर्पिसचा मारा नाकाडोळ्यांवर असतो. सटासट शिंका येतात, नाक चोंदतं, डोळे लाल होतात आणि चिपडाने चिकटतात, कधी बुबुळावर जखम होते. कॅलिसीत शिंका कमी असतात, पण जिभेवर आणि टाळूवर फोड येऊन त्यांचे व्रण होतात. मांजर वाटीपाशी जातं, वास घेतं, जीभ लावतं आणि मागे सरतं. तोंडातून लाळेची तार लोंबते. काही पिल्लं दोन-तीन दिवस लंगडतात आणि घरच्यांना वाटतं धाब्यावरून, म्हणजे घराच्या सपाट छपरावरून, पडलं असेल. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण २ ते ६ दिवस जातात, कॅलिसीत कधी थोडे जास्त.

लस दिली की सर्दी होणारच नाही ना?

होऊ शकते. ही लस विषाणूला दारातच अडवत नाही, आजाराचा जोर मोडते. लस घेतलेलं मांजर चार दिवस शिंकेल, पण खाणं सोडणार नाही. लस नसलेलं दोन महिन्यांचं पिल्लू त्याच विषाणूने डोळा गमावतं किंवा न्यूमोनियाने दगावतं. कॅलिसीचे तर असंख्य प्रकार आहेत आणि तो सतत बदलत असतो, त्यामुळे लसीतला प्रकार प्रत्येकाशी जुळेलच असं नाही.

याच इंजेक्शनात तिसरी लस असते ती पॅनल्युकोपेनियाची, म्हणजे ज्याला लोक मांजरांचा पार्व्हो म्हणतात त्या उलट्या-जुलाबांच्या जीवघेण्या आजाराची. त्या आजारापासून मिळणारं संरक्षण मात्र अगदी पक्कं असतं. म्हणून ‘सर्दीसाठी कशाला खर्च’ असा हिशेब करू नका.

पिल्लाला डोस कधी द्यायचे?

८, १२ आणि १६ आठवडे पूर्ण झाल्यावर. मग साधारण ६ महिन्यांचं झालं की आणखी एक. वर्ल्ड स्मॉल अ‍ॅनिमल व्हेटरनरी असोसिएशनच्या २०२४ च्या सूचनाही हेच सांगतात: ६ ते ८ आठवड्यांना सुरुवात, दर २ ते ४ आठवड्यांनी एक डोस, शेवटचा डोस १६ आठवड्यांच्या आत संपवायचा नाही आणि २६ आठवड्यांना किंवा त्यानंतर एक डोस.

या सगळ्या पानातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: १६ आठवड्यांचा डोस चुकवू नका. कारण असं आहे. पिल्लू जन्मल्यावर पहिल्या दिवसभरात आईचा चीक पितं आणि त्यातून आईची प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, त्याच्या रक्तात जातात. ती त्याचं रक्षण करतात, पण लसीतल्या विषाणूलाही मारून टाकतात. म्हणजे ८ आठवड्यांना दिलेला डोस काही पिल्लांत वायाच जातो. आईकडून आलेली ही शिदोरी हर्पिसविरुद्ध २ ते १० आठवडे, कॅलिसीविरुद्ध १० ते १४ आठवडे आणि पॅनल्युकोपेनियाविरुद्ध कधी कधी १६ आठवड्यांच्या पुढेही टिकते. एकाच वेतातल्या चार पिल्लांत ती चार वेगवेगळ्या दिवशी संपते, कारण कुणी चीक जास्त प्यायलेलं असतं, कुणी कमी. नेमका दिवस बाहेरून कळत नाही. म्हणून ओळीने तीन डोस द्यायचे. ते एकावर एक रचलेले थर नव्हेत. त्यांतला एखादा नेमका लागू पडावा, यासाठी ती सोय आहे.

दोन डोस झाले की कार्डावर ‘पूर्ण’ लिहून देण्याची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. दुसरा डोस १२ आठवड्यांना झाला असेल, तर तिसरा तुम्ही स्वतः मागून घ्या.

पिल्लू किती आठवड्यांचं आहे हेच माहीत नाही. मग?

वजन करा. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा चालतो. रिकामी टोपली आधी ठेवून शून्य करा, मग पिल्लू ठेवा. नीट वाढणारं पिल्लू ८ आठवड्यांना साधारण ७०० ते ९०० ग्रॅम भरतं, पुढे आठवड्याला शंभरेक ग्रॅम वाढतं. उपाशी राहिलेलं पिल्लू वयापेक्षा लहान दिसतं, तेव्हा डॉक्टरांकडून दातही बघून घ्या. साडेतीन-चार महिन्यांना पुढचे दुधाचे दात पडून पक्के येऊ लागतात.

मे महिन्यात लस टिकते का?

फ्रिजमध्ये असेल तर टिकते. प्रश्न फ्रिजबाहेरचा आहे.

सहसा मिळणारी लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूंची असते. ती २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवावी लागते. भुसावळ-जळगावकडे मेमध्ये पारा ४५ अंशांवर जातो आणि उन्हात उभ्या मोटारसायकलच्या डिक्कीत त्याहून जास्त तापतं. तिथे लसीतला विषाणू मरतो. मेलेल्या लसीचा रंग बदलत नाही की वास येत नाही. इंजेक्शन व्यवस्थित टोचलं जातं, कार्डावर स्टिकर लागतं आणि पिल्लाला संरक्षण शून्य.

म्हणून मांजराकडे लस नेण्यापेक्षा लसीकडे मांजर न्या. तळोदा, अक्कलकुवा, यावल अशा भागांतून शहरात यावं लागत असेल, तरी हेच बरं. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मांजरांची ही लस सहसा नसते, त्यामुळे निघण्याआधी फोन करून ‘मांजरांची तीन रोगांची लस फ्रिजमध्ये आहे का’ असं स्पष्ट विचारा.

लस आणायचीच वेळ आली, तर रुंद तोंडाचा थर्मास घ्या, तळाशी गोठवलेले आइस पॅक ठेवा, त्यावर वर्तमानपत्राचे जाड थर आणि मग कुपी. कुपी बर्फाला टेकता कामा नये. रेबीजची लस सोबत असेल तर आणखी जपा, ती एकदा गोठली की निकामी होते. घरच्या फ्रिजमध्ये ठेवायची तर मधल्या कप्प्यात. दारात नको, कारण दार उघडझाप होतं, आणि फ्रीजरला लागून तर नकोच. रात्रभर वीज गेली असेल तर ती लस वापरू नका. जीव हळहळतो, पण न टोचलेली लस निदान ‘संरक्षण आहे’ असा खोटा भरवसा देत नाही.

डॉक्टर लस देतात तेव्हा काय बघावं?

बघावं आणि विचारावंही, त्यात संकोच कसला? कुप्या दोन असतात. एकीच्या तळाशी पांढुरकी, सुकलेली वडी असते, दुसरीत पाणी. पाणी सिरिंजमध्ये घेऊन वडीच्या कुपीत टोचलं की आतल्या निर्वातामुळे ते आपोआप ओढलं जातं आणि वडी काही क्षणांत विरघळते. ओढलं गेलं नाही, तर कुपीत हवा शिरली असण्याची शक्यता असते, दुसरी मागा. मिसळलेली लस अर्ध्या तासाच्या आत टोचायची. सकाळी मिसळून ठेवलेली दुपारी चालत नाही.

कातडीवर स्पिरिट चोळून ओल्यावरच सुई टोचू नये, जिवंत लसीला स्पिरिट मारतं. सिरिंज नवी, एकदाच वापरायची. आणि एक बारीक गोष्ट: टोचताना लसीचा थेंब केसांवर सांडला, तर तो लगेच स्पिरिटच्या बोळ्याने पुसायला सांगा. मांजर तो चाटतं, विषाणू नाकातोंडातून आत जातो आणि आठवड्याभरात पिल्लू शिंकू लागतं. मग दोष लसीला दिला जातो.

कार्डावर कुपीचं स्टिकर लावून घ्या. त्यावर बॅच आणि मुदतीची तारीख असते.

पिल्लं लहान आहेत, एक डोस दोघांत वाटला तर?

नाही. डोस वजनावर ठरत नाही. ७०० ग्रॅमचं पिल्लू असो की ५ किलोचा बोका, पूर्ण कुपी एकाला. अर्ध्या डोसात प्रतिकारशक्ती तयार व्हायला पुरेसे विषाणू नसतात. पैसे वाचवताना दोन्ही पिल्लं उघडी पडतात.

लसीच्या आधी काय तयारी लागते?

जंतनाशक आधी होऊन गेलेलं बरं. पिल्लांना ते तिसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी देतात, मात्रा वजनावर असते म्हणून डॉक्टरांकडूनच. त्या दिवशी पिल्लू खेळतंय, खातंय, जुलाब नाहीत, हे बघा. ताप असताना लस देत नाहीत. मांजराचं नेहमीचं तापमान १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. उन्हातून पिंजऱ्यात आणलेल्या मांजराचं तापमान नुसत्या तलखीने चढलेलं असू शकतं. सकाळी ८-९ च्या आत पोहोचा, पिंजऱ्यावर ओलं सुती फडकं टाका पण हवा खेळती ठेवा, आणि दवाखान्यात पंख्याखाली अर्धा तास बसवून मगच थर्मामीटर लावायला सांगा.

लस दिल्यावर काय होतं?

एक-दोन दिवस सुस्ती, थोडा ताप, खाणं कमी. काही पिल्लं एखादा दिवस लंगडतात. एवढं चालतं.

तोंड सुजलं, उलट्यांवर उलट्या झाल्या, धाप लागली, हिरड्या पांढऱ्या पडल्या, तर ती अ‍ॅलर्जी आहे. ती मिनिटांत किंवा काही तासांत दिसते, म्हणून टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबा. दूर राहणाऱ्यांनी तर नक्कीच.

टोचल्या जागी छोटी गाठ येऊन विरते. ३ महिन्यांनंतरही राहिली, २ सेंटीमीटरहून मोठी झाली किंवा महिना उलटल्यावर वाढतच असेल, तर तपासून घ्या. क्वचित तिथे कर्करोगाची गाठ होते. म्हणूनच इंजेक्शन मानेऐवजी पायाच्या खालच्या भागात देण्याची शिफारस आहे, कारण तिथे शस्त्रक्रिया शक्य असते. कोणत्या पायाला दिलं, तेही कार्डावर लिहून घ्या.

संरक्षण त्याच दिवशी सुरू होत नाही. शेवटच्या डोसानंतर निदान दोन आठवडे पिल्लाला अनोळखी मांजरांत सोडू नका.

आधीच शिंकतंय. आता लस दिली तर बरं होईल?

नाही. लस म्हणजे औषध नाही. आधी बरं होऊ द्या, मग वेळापत्रक सुरू करा. ‘एकदा होऊन गेलं, आता लस कशाला’ हेही चूक. झालेल्या आजारातून येणारी प्रतिकारशक्ती अपुरी असते आणि बाकीचे आजार उरतातच.

मांजरी गाभण आहे.

जिवंत लस देऊ नका, पोटातल्या पिल्लांच्या मेंदूला इजा होऊ शकते. ४ आठवड्यांखालच्या पिल्लांनाही याच कारणाने नको. माजावर येण्याआधी लस झालेली असेल, तर चिकातून पिल्लांना भरपूर प्रतिपिंडं मिळतात. हाच खरा मार्ग.

आपल्याकडे कापूस विकायचा थांबवून घरात साठवतात आणि मांजरी हमखास त्याच ढिगात वितात. जागा ऊबदार असते खरी, पण कापसाची धूळ आणि तंतू पिल्लांच्या नाकाडोळ्यांत जातात, आणि चिपडाने मिटलेला डोळा ढिगात दिसतच नाही. वेतानंतर दोन दिवसांनी, मांजरी बाहेर गेली असताना, धुतलेल्या जुन्या सुती लुगड्याचं खोक्यातलं अंथरूण करून पिल्लं तिच्या नजरेच्या टप्प्यात तिथे हलवा.

आमचं मांजर घराबाहेर जातच नाही.

विषाणू तुमच्या हाताला, चपलेला, कपड्याला चिकटून येतो. कोरड्या पृष्ठभागावर कॅलिसी महिनाभर टिकू शकतो. हर्पिस नाजूक, ओलाव्यात दिवसभर जेमतेम. शिवाय खिडकीच्या जाळीला नाक लावून शेजारचा बोका शिंकला, तर तेवढं पुरतं. घरातल्याच मांजराला पहिली मालिका आणि ६ महिन्यांचा डोस पूर्ण झाल्यावर दर ३ वर्षांनी लस पुरते. बाहेर फिरणारं, गच्च्या-धाबी पालथी घालणारं किंवा पाच-सात मांजरांच्या घरातलं असेल, तर दरवर्षी.

मोठ्या मांजराचा इतिहास माहीत नसेल, तर ३-४ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. पूर्वी सगळं पूर्ण झालंय आणि आता उशीर झालाय, तर सहसा एकच डोस पुरतो.

नवं मांजर आणलं तर?

दोन आठवडे वेगळ्या खोलीत. वाट्या, वाळूचा ट्रे, अंथरूण सगळं वेगळं. आधी जुन्या मांजरांचं करा, नंतर नव्याचं, आणि मग साबणाने हात धुवा. शिंकेचे थेंब मीटर-दीड मीटर जातात, म्हणून खोली नसेल तर निदान दोन मीटर अंतर आणि मध्ये आडोसा. कूलरचा झोत नव्या मांजराकडून जुन्याकडे जाईल असा ठेवू नका.

फरशी कशाने पुसायची?

फिनेल आणि डेटॉल मांजराच्या घरात आणूच नका. पायाला लागतं, ते चाटतं आणि विषबाधा होते. कॅलिसीवर स्पिरिट किंवा सॅनिटायझरचाही भरवसा नाही.

साधा पातळ ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइट) वापरा. आधी साबणाने मळ काढा, कारण मळावर ब्लीच काम करत नाही. मग एक लिटर साध्या पाण्यात ३० मिली ब्लीच, १० मिनिटं ओलं राहू द्या, स्वच्छ पाण्याने धुवा, वाळल्यावरच मांजराला सोडा. गरम पाणी नको, अ‍ॅसिड तर कधीच मिसळू नका, विषारी वायू निघतो. आपल्या उन्हाळ्यात ब्लीचची बाटली लवकर उतरते. लहान बाटली आणा, सावलीत ठेवा, द्रावण रोज ताजं करा. अंथरुणं धुऊन कडक उन्हात टाका.

आजारी पडलंच, तर घरी काय करता येईल?

नाक चोंदलं की मांजराला वास येत नाही, आणि वास आला नाही की ते खात नाही. सगळी लढाई इथेच आहे. अर्धा लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात चहाचा पाऊण सपाट चमचा मीठ. स्वच्छ कापडाचा तुकडा भिजवून चिकटलेल्या डोळ्यावर मिनिटभर नुसता धरून ठेवा. खपली मऊ झाली की नाकाकडून बाहेर हलक्या हाताने पुसा. ओढून काढू नका, पापणी सोलते. प्रत्येक डोळ्याला वेगळा तुकडा, पुसला की टाकून द्यायचा. नाकपुड्याही तशाच.

न्हाणीघरात गरम पाणी सोडून वाफ कोंडा आणि मांजराला घेऊन १०-१५ मिनिटं बसा, दिवसातून दोनदा. पातेल्यावर तोंड धरू नका. उकडलेली मासळी किंवा चिकन कोमट करून कुस्करून द्या. तिखट, मीठ, कांदा, लसूण काही नको. घरच्या रश्श्यातला तुकडा धुऊन दिला तरी कांदा-लसूण त्यात मुरलेला असतो आणि तो मांजराचं रक्त बिघडवतो.

२४ तास काहीच खाल्लं नाही, तर दवाखान्यात न्या. पिल्लाला १२ तासही थांबवू नका. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचते आणि त्याने जीव जातो. तोंड उघडून श्वास घेत असेल किंवा बुबुळ धुरकट दिसत असेल, तर त्याच क्षणी निघा.

काय देऊ नये?

पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते. ‘तापाचं सिरप, लहान मुलांचंच तर आहे’ म्हणून दिलेला चमचा परत घेता येत नाही. चुकून दिलंच असेल तर वाट न बघता दवाखाना गाठा आणि बाटली सोबत न्या. व्हिक्स, कापूर, निलगिरी तेल विषारी. घरात उरलेले डोळ्यांचे थेंब नकोत, त्यांत स्टेरॉइड असेल तर हर्पिसची जखम खोल जाते. मध, गुलाबपाणीही नको.

प्रतिजैविक विषाणूला मारत नाही, वरून झालेल्या जिवाणूंच्या संसर्गासाठी डॉक्टर ते देतात. डॉक्सीसायक्लिनची गोळी दिली, तर लगेच मागून ५ मिली पाणी सिरिंजने हळूहळू पाजा. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते.

प्रतिकारशक्ती वाढवायचं टॉनिक द्यावं का?

लायसिनची पावडर अनेक वर्षं दिली गेली, उपयोग दिसलेला नाही. हळद-तुळशीचंही तसंच. पैसे खाण्यावर घाला. दूध-भाकरीवर मांजर जगतं, पण त्यात मांसाहारी प्राण्याला लागणारी प्रथिनं आणि टॉरिन (मांसातून मिळणारा, मांजराला अत्यावश्यक घटक) पुरत नाहीत. अ जीवनसत्त्वही मांजराला गाजरातून बनवता येत नाही, ते मांसातूनच मिळावं लागतं, आणि नाका-घशाचं अस्तर त्यावर टिकतं. तयार खाद्य परवडत नसेल, तर उकडलेलं अंडं, मासळी, चिकन, आणि आठवड्यातून एकदा काळजाचा, म्हणजे कलेजीचा, बोटाएवढा तुकडा. जास्त काळीजही बाधतं.

लस झालेला बोका लग्नसराईतच का शिंकतो?

कारण हर्पिस एकदा शिरला की चेहऱ्याच्या नसांच्या गाठीत जन्मभर दडून राहतो. घरात मांडव, पाहुणे, डीजे, किंवा उलट सगळे गावाला आणि मांजर शेजाऱ्यांकडे, या ताणाने तो जागा होतो. लगेच नाही, साधारण आठवड्याने, आणि मग एक-दोन आठवडे विषाणू बाहेर पडतो. म्हणजे हळद लागली त्या दिवशी मांजर ठणठणीत असतं आणि पूजा आटोपल्यावर शिंकतं. लस असल्यास हा झटका हलका जातो. अशा वेळी त्याला एक शांत खोली, ओळखीचं अंथरूण आणि वर चढायला फळी द्या, आणि त्या तीन आठवड्यांत घरात नवं पिल्लू आणू नका.

माणसाला लागण होते का?

या दोन विषाणूंची नाही. कुत्र्यालाही हर्पिसची लागण होत नाही.

आणि बर्ड फ्लू? नवापूर जवळच आहे.

देशातला कोंबड्यांमधला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला आढळला आणि २०२१ मध्ये तो तिथे पुन्हा आला, त्यामुळे ही काळजी रास्त आहे. तो वेगळा विषाणू आहे आणि मांजरांना तो जीवघेणा ठरतो. वर सांगितलेली लस त्यावर चालत नाही. कच्चं चिकन, कोंबडीची आतडी, दुकानातून मागून आणलेली कातडी मांजराला घालू नका, पूर्ण शिजवूनच द्या. मेलेले कावळे-कबुतरं मांजराने ओढून आणली, तर हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी हाताला गुंडाळून उचला. कोंबड्या पटापट मरताना दिसल्या, तर पशुसंवर्धन विभागाला कळवा आणि तेवढे दिवस मांजर घरात कोंडा.